गुऱ्हाळातली जावा

मामांची जावा मोटरसायकल गुऱ्हाळघराच्या मागच्या भिंतीला टेकून एकोणीस वर्षं उभी होती. चिपाडांचा ढीग सीटपर्यंत आलेला, हँडलला वैरणीची दोरी गुंडाळलेली, आणि दोन्ही सायलेन्सरची तोंडं कुंभारीण माशीनं मातीची घरं करून लिंपून टाकलेली. 2023 च्या दिवाळीत मामेभावानं गुऱ्हाळ पाडून तिथं गोदाम बांधायचं ठरवलं. भंगारवाला येऊन गाडीभोवती दोन चकरा मारून साडेतीन हजार बोलून गेला होता. पाडव्याला मी आजोळी पोचलो तेव्हा ही गोष्ट कानावर आली आणि मी म्हणालो, मी नेतो.

मामा ओसरीवर बसले होते. म्हणाले, "नेऊन काय करणार? रंग मारून दारात हुबी करणार आसशील तर भंगारात जाऊ दे. चालवणार आसशील तर ने."

"चालवणार," मी म्हणालो. तेव्हा मला पाना नीट धरता येत होता, एवढंच माझं भांडवल.

मामा साखर कारखान्यात चिटबॉय होते. आमच्या भागात चिटबॉय कोण हे सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो: कुणाच्या रानात किती ऊस, लागण कधीची, तोड कधी द्यायची, याची नोंद ठेवणारा आणि तोडणीच्या टोळीला चिठ्ठी देणारा माणूस. हंगामात पहाटे बाहेर पडायचं ते रात्री घरी. पाणंदीचे रस्ते, उसाच्या सऱ्या, ट्रॉल्यांनी पडलेल्या चाकोऱ्या. 1979 साली त्यांनी ही जावा भागातल्या एका डॉक्टरांकडून जुनीच घेतली आणि 2004 ला निवृत्त होईपर्यंत तिच्यावरच नोकरी केली. गाडी 1969 ची.

जावा हे नाव दोन नावांतून आलंय. यानेचेक नावाच्या झेक कारखानदारानं 1929 साली जर्मन वांडरर कंपनीच्या मोटरसायकलचं काम उचललं, आणि दोघांची रोमन लिपीतली पहिली दोन-दोन अक्षरं, Ja आणि Wa, जोडून जावा झालं. आपल्याकडे रुस्तम आणि फारूख इराणी यांनी मैसूरला आयडियल जावा काढली. 1961 पासून तिथल्या यादवगिरीच्या कारखान्यातून या गाड्या बाहेर पडू लागल्या. 1973 नंतर नाव येझदी झालं आणि 1996 ला कारखाना बंद पडला. 2018 पासून जावा नावानं नव्या गाड्या निघतात, पण त्यांचा एक नटही आमच्या गाडीला चालत नाही. हे मला आधी ठाऊक नव्हतं, दोन दुकानदारांनी ते समजावून सांगितलं.

गाडी छोटा हत्ती टेम्पोतून कोल्हापूरला आणली आणि घराच्या पार्किंगमधल्या एका कोपऱ्यात ताडपत्रीवर ठेवली. पहिले दोन रविवार मी काहीच खोललं नाही, नुसती धुतली आणि पाहिली. या गाडीचं काम करायला घेणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो. जुनी गाडी म्हणजे आधीच्या मिस्त्र्यांनी लिहिलेली वही असते, पानं फाडायच्या आधी ती वाचावी. साखळीच्या डब्याला मागे जो रबरी भाता असतो, त्याच्या जागी ट्रकच्या ट्यूबचा तुकडा कापून तारेनं आवळलेला. किकच्या दांड्याच्या दात्यांत शीतपेयाच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी ठोकलेली. डाव्या फूटरेस्टला तीन वेळा वेल्डिंग. इंजिनाच्या कव्हरचे सगळे स्क्रू छिन्नीनं फिरवलेले. पेट्रोलच्या टाकीला खालच्या शिवणीवर रुपयाएवढा डाख.

याचे फोटो काढून मी मामांना दाखवायला नेले. त्यांना एकेक गोष्ट आठवत होती. डाख 1988 चा, उसाच्या ट्रॉलीचा हूक लागला होता. डब्याच्या पट्टीची कल्पना कारखान्याच्या वर्कशॉपमधल्या एका फिटरची. ट्यूबचा भाता त्यांनी स्वतः केलेला, "चिखल आत जाऊ द्यायचा न्हाई, मग साखळीला मराण न्हाई." हे खरं आहे. जावाची मागची साखळी पूर्णपणे पत्र्याच्या डब्यात असते. पंचवीस वर्षं उसाच्या चिखलातून फिरून त्यांनी साखळी दोनदाच बदलली. चिटबॉयच्या कामाला ही गाडी का टिकली, त्याचं अर्धं उत्तर त्या डब्यात आहे.

इंजिन जाम होतं. किक आत जायची, खाली यायची नाही. इथं एक ओघानं सांगायला हवं. या गाडीला किक आणि गिअर यांचा एकच दांडा असतो. तो आत दाबून वर फिरवला की किक, पुन्हा खाली आणला की गिअर. शिवाय, गिअर टाकताना दांड्यावर पाय पडला की क्लच आपोआप सुटतो. हाताचा क्लच फक्त गाडी हलवताना लागतो. मामा हाताचा क्लच न धरता गिअर टाकायचे हे मी लहानपणी पाहिलं होतं आणि ती त्यांची काहीतरी खास कला आहे असं समजून चाललो होतो.

जाम इंजिनावर जोर करायचा नाही. मी आधी सायलेन्सर आणि बेंड पाइप काढले, कारण कुंभारणीची माती पोर्टमधून, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडकीतून, आत गेली असती तर फिरवताना सिलिंडर खरवडला असता. मग प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं निम्मं करून ओतलं. रोज सकाळी टॉपच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं बोटभर पुढं-मागं करायचो. अकराव्या दिवशी चाकाबरोबर आत काहीतरी सरकलं. आवाज काहीच झाला नाही, पण हाताला कळलं. मी तसाच वर जाऊन बायकोला उठवून आणलं आणि पुन्हा एकदा फिरवून दाखवलं.

हेड आणि ब्लॉक काढला. पिस्टनच्या डोक्यावर 50 कोरलेलं. म्हणजे सिलिंडर आधी एकदा अर्धा मिलिमीटर बोअर झालेला, आतून कातून मोठा केलेला. मूळ बोअर, म्हणजे आतला व्यास, 65 मिलिमीटरचा. पिस्टन पाव पाव मिलिमीटरनं वाढत मिळतात, एक मिलिमीटरपर्यंत. 75 नंबरचा पिस्टन मैसूरच्या एका जुन्या स्टॉकवाल्याकडून कुरिअरनं आला आणि ब्लॉक घेऊन मी उद्यमनगरात गेलो. कोल्हापूरकराला उद्यमनगराचं कौतुक सांगायला नको, ऑइल इंजिनाच्या काळापासून इथं लोखंडाला आकार देणारे हात आहेत. बोअर करणाऱ्यानं पिस्टन मायक्रोमीटरला लावला, माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "खालचं इंजिन खोललंय?" मी म्हणालो, गरज नाही, मोकळं फिरतंय. त्यानं तीन थाऊचं अंतर ठेवून बोअर करून दिला. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आजही तिथं याच मापात बोलतात. काम सुरेख होतं. माझ्या उत्तरात चूक होती.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी गाडी सातव्या किकला चालू झाली. पांढरा-निळा धूर एवढा की वरच्या मजल्यावरच्या काकूंनी खिडक्या लावल्या. सायलेन्सरमध्ये साचलेलं डिझेल जळतंय असं मी म्हणालो, आणि थोडं जळतही होतं. पण धूर आठवड्यानंतरही थांबला नाही. गिअरचं ऑइल कमी होऊ लागलं आणि खाली जमिनीवर तर काही सांडत नव्हतं. दुसरं म्हणजे ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन पटकन खाली येईना, थोडा वेळ उगाच चढ्या आवाजात पळत राही. मामांना मुद्दाम घेऊन आलो. पार्किंगमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्यांनी दोन मिनिटं ऐकलं.

"हवा पितीया ती," ते म्हणाले.

मी कार्ब्युरेटरचं पॅकिंग बदललं, स्क्रू थोडा फिरवून आयडलिंग खाली आणलं आणि समाधान मानलं. पुढच्या रविवारी पन्हाळा रोडला काढली. शिवाजी पूल ओलांडला, वडणगे फाटा गेला, गाडी सुंदर पळत होती, जरा जास्तच हलकी पळत होती. केर्लीच्या अलीकडं आवाज एकदम आवळला आणि मागचं चाक धरलं गेलं. क्लच दाबला म्हणून पडलो नाही. रस्त्याकडेला हेडवर पाण्याचा थेंब टाकला तर तो टिकलाच नाही. घरी आणून ब्लॉक काढला तेव्हा नव्या पिस्टनच्या कडेला दोन उभ्या जखमा होत्या आणि त्याचं ॲल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीला चिकटलं होतं.

टू-स्ट्रोक इंजिनात काय घडतं ते मला त्या आठवड्यात खरं समजलं. यात पेट्रोलचं मिश्रण सरळ पिस्टनच्या डोक्यावर जात नाही. ते आधी पिस्टनच्या खाली, क्रँक म्हणजे पिस्टननं फिरणारा दांडा असतो त्या खोलीत ओढलं जातं, तिथं दाबलं जातं आणि मग वर ढकललं जातं. म्हणजे ती खोली हा पंप आहे, आणि पंप कुठंही फुटका असून चालत नाही. क्रँकच्या दोन्ही बाजूंना रबरी ऑइल सील असतात. डावीकडच्या सीलपलीकडं गिअर आणि क्लचचं ऑइल. ते सील गेलं की इंजिन गिअरचं ऑइल ओढून जाळतं, म्हणून पांढरा धूर. उजवीकडच्या सीलपलीकडं डायनामो आणि मोकळी हवा. ते गेलं की बाहेरची हवा आत येते, मिश्रणातलं पेट्रोलचं प्रमाण घटतं आणि त्याच पेट्रोलातून पोचणारं ऑइलही. हलकी पळते, तापते आणि धरते. मामांनी तीन शब्दांत सांगितलं होतं ते हेच.

एकोणीस वर्षं कोरड्या पडलेल्या रबराकडून मी काम करून घ्यायला निघालो होतो. इंजिन मोकळं फिरतं याचा अर्थ इंजिन चांगलं आहे असा होत नाही, आणि ज्यानं मला प्रश्न विचारला होता त्याला ते ठाऊक होतं.

मग सगळं इंजिन खोललं. डायनामोचं आर्मेचर क्रँकच्या टोकावर बसलेलं असतं, ते पुलरशिवाय, म्हणजे ओढून काढायच्या हत्याराशिवाय, निघत नाही, आणि हातोडी मारली तर क्रँक वाकते. क्लचच्या हबलाही पुलर. दोन्ही पुलर मी उद्यमनगरात लेदवर करून घेतले. क्रँकच्या खोलीचे दोन अर्धे भाग वेगळे करताना बेअरिंगभोवती गरम हवेच्या गननं तापवलं, मग लाकडी ठोकळ्यावर हलकेच आपटलं की ते सुटतात. कुठंही स्क्रू-ड्रायव्हर घालून पहार लावायची नाही. त्या सांध्याला ओरखडा पडला की पंप पुन्हा फुटका. बेअरिंगची काळजी मात्र नको, त्यांच्यावरच आकडा कोरलेला असतो, तो दुकानात सांगितला की तशीच मिळतात.

सील बाहेर आले ते बेकलाइटसारखे कडक. उजव्याची ओठाची कड बोटानं दाबताच तुकड्यांत निघाली. क्रँकच्या कनेक्टिंग रॉडला वर-खाली ओढलं तर टक् असा बारीक आवाज येत होता. म्हणजे तेही काम आलं. नवा रॉड, पिन, बेअरिंग. क्रँक प्रेसमध्ये दाबून जोडली जाते आणि मग दोन टोकं सेंटरमध्ये धरून, डायल लावून, तांब्याच्या हातोडीनं ठोकत सरळ करतात. हे काम करणारे आता मोजके उरलेत. त्या गृहस्थांनी मला शेजारी उभं केलं आणि डायलचा काटा दाखवला: दोन्ही टोकांना दोन शतांश मिलिमीटरच्या आत. चहा सांगितला, पैसे सांगितले ते दोन पिझ्झाएवढे होते. मी जास्त देऊ लागलो तर घेतले नाहीत.

ब्लॉक पुन्हा बोअर करावा लागला, 100 नंबरच्या पिस्टनसाठी. हा शेवटचा. यानंतर स्लीव्ह, म्हणजे आत नवी नळी बसवायची. 1969 साली मैसूरला ओतलेल्या लोखंडातलं पाव मिलिमीटर माझ्या घाईत गेलं, ते परत येणार नाही. या सगळ्या कामात मला आजही बोचते ती एवढी एकच गोष्ट.

दुसऱ्या खेपेला मी विश्वासावर काही सोडायचं नाही असं ठरवलं. इंजिन बंद केल्यावर ते खरंच हवाबंद आहे का हे तपासायची सोय गॅरेजमध्ये नसते, पण घरात होती. वडिलांचं रक्तदाब मोजायचं डायलचं जुनं यंत्र. इनलेट आणि दोन्ही एक्झॉस्टच्या तोंडांवर जाड रबर आणि पत्र्याच्या पट्ट्या बोल्टनं आवळल्या. प्लगच्या जागी जुन्या प्लगची पोकळ केलेली खोळ बसवून तिला यंत्राची नळी जोडली आणि रबरी फुगा दाबून काटा 240 वर नेला. दहा मिनिटांत काटा 60 वर. सगळीकडं साबणाचा फेस लावला तेव्हा ब्लॉकच्या खालच्या पॅकिंगपाशी, मागच्या डाव्या स्टडजवळ, मोहरीएवढे बुडबुडे दिसले. ब्लॉक पुन्हा काढला, त्याची बूड काचेवर ग्राइंडिंग पेस्ट टाकून आठचा आकडा काढत घासली, पूर्ण एकसारखी राखाडी होईपर्यंत. नवं पॅकिंग कापलं. पुन्हा 240. दहा मिनिटांनी 225. मी अर्धा तास तसाच समोर बसून काटा पाहत होतो.

रिंगांबद्दल एक. टू-स्ट्रोकच्या पिस्टनमध्ये रिंगच्या खाचेत बारीक खुंटी असते. रिंगचं तोंड त्या खुंटीवरच यायला हवं, नाहीतर ते फिरत फिरत पोर्टच्या खिडकीत अडकतं आणि मोडतं. ब्लॉक खाली उतरवताना दोन माणसं लागतात. आमच्याकडं दुसरं माणूस माझी नववीतली मुलगी होती. तिची बोटं बारीक, तिनं रिंगा दाबून धरल्या आणि मी ब्लॉक सोडला. पहिल्या झटक्यात बसला.

टायमिंगच्या, म्हणजे प्लगच्या ठिणगीची वेळ लावायच्या कामाला मामा आले. 6 व्होल्टची बॅटरी, पॉइंटला बल्ब जोडलेला. पॉइंट उघडला की ठिणगी पडते. पिस्टन वरच्या टोकाला यायच्या आधी 3 ते 3.5 मिलिमीटर असताना पॉइंट उघडायला हवा. मी प्लगच्या भोकातून व्हर्निअरची दांडी सोडून 3.2 वर आणलं. मामांनी खिशातून सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद काढला. तो पॉइंटमध्ये धरून ते चाक इंचाइंचानं फिरवत होते आणि कागद सुटला त्या क्षणी थांबले. व्हर्निअर 3.3 दाखवत होता. त्यांनी विचारलं, "किती आलं?" मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत, कागद घडी घालून परत खिशात ठेवला. सिगारेट त्यांनी सोडून पंधरा वर्षं झालीत.

बरेच जण या गाड्यांना 12 व्होल्टचं इलेक्ट्रॉनिक किट बसवतात. लाइट चांगला पडतो, पॉइंटची कटकट जाते. ज्याला रोज रात्री गाडी चालवायची त्यानं जरूर बसवावं. मी बसवलं नाही. डायनामोचे कार्बन ब्रश नवे घातले, कम्युटेटर बारीक पॉलिश पेपरनं साफ केला, वायरिंग नवी ओढली. पॉइंटचं अंतर 0.4 ठेवलं की आमचं भागतं.

टाकीच्या आत गंजाचे पापुद्रे होते. यावर लोक खडे, साखळ्या, ॲसिड असं काय काय घालतात. मी धुण्याच्या सोड्याचा रस्ता धरला. आधी टाकी साबणाच्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतली, पेट्रोलचा वास पूर्ण जाईपर्यंत. मग सोड्याचं पाणी काठोकाठ भरलं. तोंडातून लोखंडी सळई आत सोडली, टाकीला कुठंही टेकणार नाही अशी. बॅटरी चार्जरची धन वायर सळईला, ऋण टाकीला. पाण्यात बुडबुडे येतात तो हायड्रोजन असतो, म्हणून हे उघड्यावर करायचं. आणि सळई स्टेनलेस स्टीलची घ्यायची नाही, त्यातल्या क्रोमियमनं पाणी विषारी होतं. दर सहा तासांनी सळई काढून घासायची, तिच्यावर काळपट गाळ चढलेला असतो. तीन दिवसांनी आतला पत्रा राखाडी, कोरा दिसला. मामांचा 1988 चा डाख जागच्या जागी होता. तो मी तसाच ठेवलाय.

रंगाचं मला आधी सगळं ठरलेलं वाटत होतं: सगळं खरवडायचं आणि नवा मरून मारायचा. गाडीवर वरून काळा हातानं मारलेला, त्याखाली निळा. टाकीच्या वरच्या भागात चाचणी म्हणून पाण्यात भिजवलेल्या 1000 नंबरच्या पेपरनं तळहाताएवढा भाग घासला. काळा गेला, निळा गेला, आणि खाली गडद मरून रंगावर एक सोनेरी रेघ आली. हातानं ओढलेली, एका ठिकाणी किंचित जाड झालेली, जिथं ओढणाऱ्यानं कुंचला उचलला असावा. मी पेपर खाली ठेवला. पुढचे सात रविवार फक्त टाकी आणि साइड बॉक्स घासण्यात गेले, शेवटी 2000 नंबरनं, एका वेळी दोन बोटं. रंग कुठं उडालाय, कुठं पातळ झालाय. रेघ मात्र जवळजवळ पूर्ण आहे. मागचं मडगार्ड सडलेलं होतं, ते नवं घ्यावं लागलं. पेंटरला मी टाकी दाखवून म्हणालो, हिच्याशेजारी शोभेल असा रंग द्या. त्यानं मरूनमध्ये थेंबभर काळा आणि थेंबभर तपकिरी मिसळून चार पट्ट्या मारून वाळवून दाखवल्या. तिसरी जुळली.

रिम निकेल-क्रोम करून आणले, 16 इंची, स्पोक 36. हँडल आणि टाकीच्या क्रोमवर मात्र स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल पाण्यात बुडवून घासली. क्रोमपेक्षा ती मऊ, त्यामुळं ओरखडे न पडता वरचा गंज निघतो. चाकांचा आउट, म्हणजे डुलणं, काढायला गावातला सायकलवाला बोलावला, सत्तरीचा माणूस, तासाभरात दोन्ही चाकं सरळ. किरकोळ सुटे भाग, लिव्हर, हेडलाइटची रिंग, पुण्याच्या जुन्या बाजारात तीन रविवार घालवून मिळाले. भाता मात्र कुठं मिळेना. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले देशभर जावा दिन करतात, त्यात भेटलेल्या एका अनोळखी माणसानं घरून आणून दिला. पैसे घेतले नाहीत, मामांचा ट्यूबचा भाता मागून घेतला.

ऑगस्टमध्ये दुसऱ्यांदा चालू केली. तिसरी किक. ॲक्सिलरेटर सोडला की लगेच खाली. मामा खुर्चीवर होते, त्यांनी मान हलवली आणि चहा मागितला.

पेट्रोलचं आता वेगळं पाहावं लागतं. पूर्वी पंपावर ऑइल मिसळून द्यायचं हातानं फिरवायचं यंत्र असायचं, आता घरून बाटली न्यावी लागते. लिटरला 40 मिलि ऑइल. आणि आजच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं, जुनं रबर फुगवतं आणि मिश्रण थोडं पातळ करतं. मी पेट्रोलची नळी बदलली, जिकोव्ह कार्ब्युरेटरची पेट्रोल सोडणारी मेन जेट एक नंबर मोठी घातली. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवतो. हे इथेनॉल उसातूनही येतं हे मामांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे आमच्याच उसावर चालतीया आता."

कागदांचं काम शेवटी ठेवलं, आणि ते आधी करायला हवं होतं. 2021 च्या नियमानं पन्नास वर्षांवरच्या गाडीला विंटेज म्हणून नोंदवता येतं. नव्या नोंदणीची फी 20,000, पाटीवर व्हीए अक्षरं. पण मग ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशाच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. मामांची अट मला आठवत होती. म्हणून नेहमीचंच नूतनीकरण केलं: पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि गाडी नेऊन तपासणी. नावावर मामाच राहिले. मी बदलाचा विषय काढला होता, मामी म्हणाली, "ऱ्हाऊ दे की त्यांच्या नावावर."

आरटीओच्या आवारात निरीक्षकांनी चेसिस नंबरचा ठसा मागितला. मी फ्रेमवर कागद धरून पेन्सिल घासू लागलो. अर्धे आकडे उमटले होते. माझ्या मागं मामा उभे होते, चष्मा खिशातच होता. त्यांनी उरलेले आकडे म्हणून दाखवले, निरीक्षकांनी पुस्तकाशी ताडून पाहिले आणि कागद पुढं ओढून सही केली.

येताना मामा मागं बसले. शुगर मिलच्या अलीकडं चढाला मी सवयीनं हाताचा क्लच ओढला. त्यांनी खांद्यावर दोन बोटं टेकवली, "त्यो सोड. पायानंच होतंय." मी हात सोडला, दांडा दाबला, आणि तिसरा पडला.

किकच्या शाफ्टपाशी अजून दिवसाला दोन-तीन थेंब पडतात. खाली पत्र्याचं झाकण ठेवलंय. सील आलं की या रविवारी ते कव्हर पुन्हा उतरवायचं.